रविवारचा भात

हिंजवडी,
७ जुलै २०२४

प्रिय आत्याआजी,
सप्रेम सलाम.

(हे ‘सप्रेम सलाम’ पप्पांनी सांगितलं म्हणून. मी नुसतं ‘हाय’ लिहिणार होते.)

पाळक हिंमतराव साहेबांचा नियम तुला माहीतच आहे. पुढच्या वर्षी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी ज्यांचं दृढीकरण व्हायचंय, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं चर्चपुढे स्वतःच्या तोंडानं घ्यायचीत, त्या प्रत्येकानं आपल्या धर्ममातेला किंवा धर्मपित्याला हातानं पत्रं लिहायची आणि त्यांनी उत्तरं द्यायची. फोन चालणार नाही, मेसेज चालणार नाही. मी साहेबांना विचारलं, माझी धर्ममाता येरवड्यात राहते, दर रविवारी चर्चमध्ये भेटते, मग पत्र कशाला? तर म्हणाले, “तोंडानं माणूस खोटं पटकन बोलतो, बेटा. हातानं लिहायला वेळ लागतो.” आता यावर काय बोलणार. तसंही तुला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे माझं फार नुकसान नाही.

पहिल्या पत्रात ओळख करून द्या, असंही सांगितलंय. तर मी जेरुशा योगेश उजागरे, वय चौदा, तुझ्या भावाची नात. माझ्या बाप्तिस्म्याला तू मला हातात धरलं होतंस आणि मी तुझ्या साडीवर ओकले होते. एवढी ओळख पुरे.

पप्पांना ऑफिस जवळ पडावं म्हणून आम्ही येरवडा सोडून इथे आलो. आता ऑफिस दोन किलोमीटरवर आहे आणि पोचायला पाऊण तास लागतो. माझी शाळाही नवीन. नववीत नव्यानं आलेली मी एकटीच. चिडवतात थोडं. ते काही विशेष नाही. पान भरलं म्हणून थांबते.

तुझी,
जेरुशा


येरवडा,
१६ जुलै २०२४

चि. जेरुशा,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचली म्हणून तुझं वाचू शकले. पुढच्या वेळी शिरोरेघ दिलीस तर उपकार होतील.

‘चिडवतात थोडं, ते काही विशेष नाही.’ नर्सेस हॉस्टेलची मेट्रन असताना हे वाक्य मी शेकडो पोरींच्या तोंडून ऐकलंय. विशेष नसतं तर पानाच्या तळाशी लिहिलं नसतंस. कोण चिडवतं, काय म्हणतं, नीट लिही.

तोवर एवढं ध्यानात ठेव. उलट बोलायचं नाही. एका गालावर बसली तर दुसरा पुढे करायचा, हे आपल्याला पाळण्यातच शिकवलंय. जो चिडत नाही त्याला चिडवण्यात मजा नसते, चार दिवसांत दमतात. योगेशला काही सांगू नको, तो आधीच रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. बाईंकडे चुगल्या तर मुळीच नकोत. आपण मूठभर माणसं, आपल्या वागण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

जेवणाआधीची प्रार्थना चुकवत नाहीस ना?

तुझी,
प्रमिलाआत्याआजी


हिंजवडी,
११ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्याआजी,
सप्रेम सलाम. (शिरोरेघ बघ.)

नीट लिही म्हणालीस, तर लिहिते. प्रार्थना चुकवत नाही, तिथूनच सगळं सुरू झालं.

तिचं नाव ऋतुजा. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन पूर्वी तिच्या आजोबांची होती आणि हे ती आठवड्यातून दोनदा सांगते. पहिल्याच आठवड्यात मी डबा उघडण्याआधी डोळे मिटले, घरातल्यासारखे, अर्धा मिनिट. तिनं फोटो काढला. शाळेत फोन आणायला बंदी आहे, ती ऋतुजाला लागू नसावी. त्या फोटोचा स्टिकर झाला. आता वर्गाच्या ग्रुपवर कोणाला ‘देवा वाचव’ म्हणायचं असेल तर माझं तोंड टाकतात. मी वर्गात शिरले की मागच्या बाकांवरून ‘हालेलूया’ येतो, सुरात. सूर चुकलेला असतो, त्याचा जास्त त्रास होतो.

तुझं पत्र आल्यावर मी दुसरा गाल पुढे केला. म्हणजे काही बोलले नाही, हसले. त्यामुळे त्यांना वाटलं, मला आवडतंय. आता डबाच घेतात. ऋतुजा तो डोक्यावर धरते आणि म्हणते, “मोठ्यानं म्हण प्रार्थना, मग मिळेल.” बाकीचे गोल करून उभे. मी म्हटली. भूक लागली होती. मध्येच विसरले, तर म्हणाली, “पहिल्यापासून.” तीन वेळा म्हणायला लावली. प्रार्थना म्हणताना मला इतका राग कधी आला नव्हता.

आणि शुक्रवारी दप्तरात तांदूळ निघाले. मूठभर, कच्चे. भूगोलाच्या पुस्तकात, कंपासपेटीत, सगळीकडे. मला आधी काही कळेना. माझ्या बाकावर मैत्री नावाची मुलगी बसते, ती म्हणाली, “तुला खरंच माहीत नाही? तुम्हा लोकांना म्हणतात ते. तांदळाच्या गोणीसाठी धर्म बदलला म्हणून.” ती बौद्ध आहे, असले टोमणे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. घरी येऊन दप्तर झटकलं. मम्मीनं विचारलं, हे काय? म्हटलं, शाळेत प्रयोग होता.

आता तू सांग, तिसरा गाल कुठून आणू?

जेरुशा


हिंजवडी,
८ सप्टेंबर २०२४

आत्याआजी, महिना होत आला. पत्र पोचलं का? आज चर्चमध्ये विचारलं तर ‘गुडघा’ म्हणालीस आणि रिक्षात बसलीस. पत्र गुडघ्यानं लिहितात का?

जेरुशा


येरवडा,
३० सप्टेंबर २०२४

चि. जेरुशा,
आशीर्वाद.

गुडघा दुखत होता आणि लिहायला काही सुचतही नव्हतं.

तू त्या मुलीला क्षमा कर. आजच कर. ‘ती मागेल, मग बघू’ असं म्हणत बसू नको. लोकांना मागायला जमत नाही. लाज आडवी येते, मग वर्षं जातात, माणसं कुठच्या कुठे निघून जातात आणि राहून जातं. तू मनातून सोडून दे म्हणजे तीही सुटेल. ती मुलगी वाईट असेलच असं नाही. चौदाव्या वर्षी थोडी सत्ता हातात आली की माणूस कसा वागेल याचा नेम नसतो.

नाताळात फराळ घेऊन तिच्या घरी जा. करंज्या मी करून पाठवते. गोड खाल्लेल्या तोंडानं कोणी वाईट बोलत नाही.

तांदळाचं मनाला लावून घेऊ नको. शब्द आहे, जुना आहे.

प्रमिलाआत्याआजी


हिंजवडी,
२९ डिसेंबर २०२४

आत्याआजी,
सलाम.

तुझ्या करंज्या, मम्मीचे डोनट, शेव, असं सगळं भरून मी सव्वीस तारखेला ऋतुजाच्या घरी गेले. गावठाणात तीन मजली घर आहे त्यांचं, खाली अजून गोठा आहे. तिचे आजोबा बापूराव ओट्यावर बसले होते. म्हणाले, “कुणाची गं तू? आमच्या ऋतूची मैत्रीण हाय व्हय? बस की, च्या घे.” दोन करंज्या त्यांनी तिथंच खाल्ल्या. म्हणाले, “सारण झ्याक हाय.” ती पाच मिनिटं मला तुझी कल्पना खरंच चांगली वाटली.

मग ऋतुजा आली. हसून डबा घेतला, थँक्यू म्हणाली. संध्याकाळी ग्रुपवर डब्याचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘धर्मांतर स्टार्टर पॅक. तांदूळ संपले, आता करंज्या.’ जवळजवळ अख्ख्या वर्गानं हसणारी तोंडं टाकली. मैत्रीनं टाकलं नाही.

आत्याआजी, तुझा एकेक सल्ला ऐकला आणि माझं एकेक पाऊल खड्ड्यात गेलं. गप्प बस म्हणालीस, डबा गेला. फराळ ने म्हणालीस, आता फराळाचीही चेष्टा झाली. तुझी पत्रं मी काढून परत वाचली. ‘ती चुकली’ हे दोन शब्द त्यांत कुठेही नाहीत. ‘ती वाईट असेलच असं नाही’ हे मात्र आहे. तू माझी धर्ममाता आहेस की तिची?

दृढीकरणाच्या वर्गाला मी येणार नाही. तिथेही सगळे मला हेच सांगतात, फक्त हळू आवाजात.

जेरुशा


येरवडा,
७ जानेवारी २०२५

चि. जेरुशा,

करंज्यांचं वाईट वाटलं. पण वर्गाला येणार नाही, ही धमकी कोणाला? आपल्या घराण्यात चार पिढ्यांत कोणाचं दृढीकरण चुकलेलं नाही. तुझ्यापासून सुरुवात करायची आहे का?

झावळ्यांच्या रविवारी दृढीकरणाआधी साहेब वहीत सही घेतात. काय लिहिलेलं असतं तुला ठाऊक आहे: ‘माझ्या मनात कोणाविषयी वैर नाही.’ त्याशिवाय प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, हात पुढे करता येत नाही. वेदीपुढे अर्पण घेऊन गेलीस आणि मध्ये भांडण उभं असेल, तर अर्पण तिथेच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा आणि मग परत यायचं. हे प्रभूनं डोंगरावर बसून सांगितलं आणि मला तुझ्या वयात तोंडपाठ होतं. तेव्हा हट्ट सोड आणि तूच जा. जो ख्रिस्ती आहे त्यानं आधी जायचं असतं.

प्रमिलाआत्याआजी


हिंजवडी,
१९ जानेवारी २०२५

आत्याआजी,
सलाम.

मी वर्गाला गेले. फक्त बायबलमधला तो वेदीचा भाग उघडून साहेबांपुढे ठेवायला गेले.

तुला तोंडपाठ आहे म्हणून कदाचित तू तो वाचत नसशील. वाच. कोणी तुला छळलं असेल तर तू ऊठ आणि जा, असं तिथे नाहीच आहे. तिथे आहे की वेदीपाशी आल्यावर तुला आठवलं, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर जा. म्हणजे मार खाल्लेल्यानं नाही, मारणाऱ्यानं जायचंय. साहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, “तीस वर्षं मी हे रडणाऱ्यालाच ऐकवत आलो की काय?” मग म्हणाले, क्षमा करायची आज्ञा तरीही सुटत नाही. मी म्हटलं, मान्य. पण क्षमा मी करायची, जायचं मी, फराळ मी न्यायचा, तर मग तिच्या वाट्याला काही आहे की नाही?

त्या वहीत मी सही करणार नाही. माझ्या मनात वैर आहे. चांगलं मोठं आहे. आणि मला दृढीकरण हवंय, आत्याआजी, फार लहान असल्यापासून हवंय. पांढरा फ्रॉक, सगळं चर्च उभं आणि मागून तुझा हात खांद्यावर. म्हणूनच ते खोटं लिहून नकोय. खोटं लिहायचं नसेल तर दृढीकरण नाही, असं असेल तर मग नाही.

दुसरं, मी पप्पांना सांगितलं. त्यांचा रक्तदाब ठीक आहे. ते माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, “जुलैपासून एकटी होतीस तू?” या आठवड्यात ते मुख्याध्यापक मॅडमना भेटणार आहेत. ही चुगली असेल तर असू दे.

आणि एक विचारते. तांदळाचं लिहिल्यापासून तू वेगळीच लिहायला लागलीस. मी ऋतुजाला क्षमा करावी याची एवढी घाई तुला का आहे? माझ्या क्षमेनं तुझं काय होणार आहे?

जेरुशा


येरवडा,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. जेरुशा,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. हिंमतराव साहेब म्हणतात ते खरं आहे. आधीची तीन फाडली, कारण तिन्हींत मी बरी दिसत होते.

१९७३ साली मी तुझ्याएवढी होते, नगरकडच्या एका मिशन बोर्डिंगात. आदल्या वर्षी दुष्काळ पडला होता आणि खेड्यांतून बऱ्याच मुली बोर्डिंगात आल्या. त्यांतली एक मैना, बारा वर्षांची, नुसती काडी. तिच्या आईवडिलांनी त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला होता. आमची घरं तीन पिढ्यांची ख्रिस्ती, त्यामुळे आम्ही स्वतःला कोण समजत होतो देव जाणे. या नव्या मुलींना आम्ही ‘भातासाठी आलेल्या’ म्हणायचो. हो, तुझ्या दप्तरात जे निघालं तेच. आम्हीच ते आमच्या माणसांना म्हणत होतो.

आठवडाभर लाल मिलोची, म्हणजे मदत म्हणून आलेल्या परदेशी ज्वारीची भाकरी आणि रविवारी भात. वाढपाची मॉनिटर मी. मैना ताट घेऊन आली की मी भाताचा डाव वर धरायचे आणि म्हणायचे, “वचन म्हण, मग भात.” बाकी कोणाला नाही, फक्त तिला. तिला बायबलचं वचन पाठ व्हायचं नाही, बोली गावाकडची, ‘आहे’चं ‘हाय’ व्हायचं. चुकली की डाव मागे घ्यायचे आणि म्हणायचे, “पहिल्यापासून.” सगळ्या हसायच्या. कधीकधी बाईही हसायच्या. पुढे पुढे ती रविवारी रांगेत यायचीच थांबली. दाराशी बसून राहायची. मग सुटीला गावी गेली ती परत आली नाही. सहावीत शाळा सुटली तिची.

त्यानंतर पन्नास वर्षं मी दर महिन्याला प्रभुभोजन घेत आले. त्या वहीत सही करताना माझा हात कापला नाही. कशाला कापेल? माझ्या मनात खरंच कोणाविषयी वैर नव्हतं. मैनाच्या मनात माझ्याविषयी काय असेल, हे त्या वहीत विचारलेलं नव्हतं.

तुझं ऑगस्टचं पत्र वाचलं आणि मी महिनाभर त्याला हात लावू शकले नाही. नंतर वाटलं, तू त्या मुलीला लवकर क्षमा केलीस तर मलाही कुठेतरी मिळाल्यासारखी होईल. म्हणून घाई. तुझा गाल पुढे करून मी माझी सुटका बघत होते, जेरुशा. याची मला फार लाज वाटते.

ती चुकली. हे मी जुलैतच लिहायला हवं होतं. ती चुकली आणि मीही चुकले.

प्रमिला


हिंजवडी,
२३ फेब्रुवारी २०२५

आत्याआजी,

मला तुझा खूप राग आलाय. तीन दिवस मी पत्र कपाटात ठेवलं, मग काढून परत वाचलं. मला सारखी ताट घेतलेली ती मुलगी दिसते. मग ती मीच होते.

शाळेत काय झालं ते सांगते. मॅडमनी ऋतुजाच्या घरी कळवलं तर तिचे वडील नाही, बापूरावच आले, फेटा बांधून. मॅडमनी त्यांना तो करंज्यांचा फोटो दाखवला. ते बघत राहिले. मग मला म्हणाले, “पोरी, मी तुझं खाल्लं आन् माझ्या नातीनं हे केलं.” मॅडमनी सगळे स्टिकर काढायला लावले, ग्रुप बंद झाला. मॅडम म्हणाल्या, ऋतुजा परिपाठाला सगळ्या शाळेसमोर माफी मागेल. मी म्हटलं, नको. मला तीन वेळा प्रार्थना म्हणायला लावणं आणि तिला सगळ्यांसमोर माफी म्हणायला लावणं, यात मला फार फरक दिसेना. तिला वाटेल तेव्हा मागू दे. अजून वाटलेलं नाही.

आता तुझं. हे सगळं मला लिहून काय उपयोग? मी मैना नाही. मी तुला माफ करू शकत नाही, तो माझा विषयच नाही. जा आणि तिला शोध. आणि गुडघ्याचं मला सांगू नको.

जेरुशा


येरवडा,
३० मार्च २०२५

चि. जेरुशा,
आशीर्वाद, चालत असतील तर.

बोर्डिंगातल्या एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं, मैना पुण्यातच आहे. स्वारगेटच्या मागच्या बाजूला तीस वर्षं खानावळ चालवते. त्या चौकात मी किती वेळा बस बदलली असेन.

सकाळी अकराला गेले. बाहेर फळ्यावर खडूनं ‘पिठलं, भाकरी, भात’ लिहिलेलं. ती आत मेथी निवडत होती. मी म्हटलं, “मी प्रमिला उजागरे.” वर न बघता म्हणाली, “ठावं हाय. डावखुरी.” मी डाव्या हातानं वाढायचे, ते तिच्या लक्षात आहे. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “झालं? गिऱ्हाईक यायची येळ झाली.” मग चहा दिला. क्षमा केली असं म्हणाली नाही, केली नाही असंही म्हणाली नाही. निघताना विचारलं, “आत्ताच कशी आठवण झाली?” मी तुझं सांगितलं. तिनं तुझं नाव दोनदा विचारून घेतलं.

तिच्याकडे भाकऱ्या करणारी बाई मला दारापर्यंत सोडायला आली. तिच्याकडून कळलं की मैना रविवारी भात खात नाही. इतक्या वर्षांत कधीच नाही. तिच्या मुलांना वाटतं, आईचा उपास असतो.

दर गुरुवारी जाते आता. चहा मिळतो.

झावळ्यांच्या रविवारी तुझं दृढीकरण झालं तर मी मागे उभी राहीन, हात खांद्यावर ठेवीन. प्रभुभोजनाला मात्र पुढे येणार नाही. माझं अर्पण सध्या वेदीपुढेच पडून राहू दे. तुझं काय ते तू ठरव. मी आता सल्ला देत नाही.

प्रमिलाआत्याआजी


हिंजवडी,
१५ एप्रिल २०२५

मैनाआजी,
सप्रेम सलाम.

मी जेरुशा, प्रमिलाआत्याआजीच्या भावाची नात. पत्ता तिच्याकडून घेतला. कशासाठी ते तिला सांगितलेलं नाही.

रविवारी माझं दृढीकरण झालं. त्याआधी एका वहीत सही करायची असते, ‘माझ्या मनात कोणाविषयी वैर नाही’ म्हणून. मी त्याखाली लिहिलं, ‘आहे. कमी करायचा रोज प्रयत्न करते.’ आणि मग सही केली. मला वाटलं, पाळकसाहेब मला परत पाठवतील. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि वही पुढच्या मुलाकडे सरकवली. नंतर सगळे प्रभुभोजनाला पुढे गेले, आत्याआजी एकटी बाकावर बसून राहिली. बायका वळून वळून बघत होत्या. ती समोर बघत बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. एवढी वर्षं वाट बघितलेला दिवस, आणि भाकर घेताना मला तीच दिसत होती.

तुम्ही तिला माफ करा, हे सांगायला मी लिहीत नाहीये. असं कोणी मला सांगितलं की मला संताप येतो. मला फक्त विचारायचं होतं, हे जातं का? मला छळणारी मुलगी अजून काही बोललेली नाही. परवा माझ्या बाकापाशी येऊन उभी राहिली आणि तशीच गेली. मी रोज तिचं नाव घेऊन प्रार्थना करते, दातओठ खाऊन. डबा उघडताना आता मी मोठ्यानं प्रार्थना म्हणते. माझी मैत्रीण तोवर तिचा डबा बंद ठेवून थांबते. कोणी हसत नाही. पण डबा मी अजून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवते.

जेरुशा उजागरे


स्वारगेट,
५ मे २०२५

जेरुशा,

पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही. फळ्यावरची भाजी तेवढी लिहिते. तेव्हा चुकलं तर पहिल्यापासून लिही म्हणू नको.

जातं का विचारलंस. माझं गेलं नाही. कमी झालं. मुलं झाली, खानावळ झाली, दिवसाचे दिवस आठवण यायची नाही. पण गेलं नाही, तुला खोटं कशाला सांगू. तू बापाला सांगितलंस ते फार बरं केलंस. मी कोणाला बोलले नाही आणि शाळा सोडली. मला हिशेब पटकन यायचा, बाई म्हणायच्या पुढे शिकेल. तू शाळा सोडू नको. कोणासाठी सोडू नको.

तुझी आत्याआजी दर गुरुवारी येते. बोलत नाही फार. मी तिच्यापुढे भाजी टाकते निवडायला. बरी निवडते. काल मात्र रविवार असून आली, भर दुपारी. मी म्हटलं आज काय? तर म्हणाली, “आज आमच्यात प्रभुभोजन होतं. मी घेतलं नाही. घरी जाऊन काय करू.” मला राग आला. मी काय तिच्या देवाच्या दारात आडवी पडले आहे? म्हटलं बस, जेव.

भात मी वाढला. तिनं ताट पुढ्यात ओढलं, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली. मी म्हटलं, “माझ्या घरात भाताला काही म्हणावं लागत नाही. गप जेव.” तर रडायला लागली. म्हटलं, “रडायचं तर ताटावरून ऊठ. अन्नावर रडू नये.” उठली नाही. जेवली.

तू म्हण तुझी प्रार्थना. तू कोणाला म्हणायला लावत नाहीस.

माफ केलं का, ते मला अजून सांगता यायचं नाही. तिला एवढं सांगितलं, पुढच्या महिन्यात तुझं ते घे. माझ्या नावानं उपाशी राहू नको, एक राहिली तेवढी पुरे.

मग ती उठली, भाताचा डाव घेतला, डाव्याच हातानं, आणि माझ्यापुढे उभी राहिली. मला विचारलं, “वाढू का?”

मी ताट पुढे केलं. भात जरा चिकट झाला होता, पण खाल्ला.

मैना